इसांडलवानाचा भंडारा

तमाम सातारा-सांगलीकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, दक्षिण आफ्रिकेत इसांडलवाना इथं इंग्रजांचा पराभव झाला आहे. त्यांच्या छावणीचा पार धुव्वा उडाला असून झुलू सैन्य विजयी झाले आहे. ही बातमी आपल्यापर्यंत पोचायला सुमारे दीडशे वर्षांचा उशीर झाला, त्याबद्दल दिलगिरी. वाटेत आमची बस ऊस बघायला थांबली होती. तरी सर्वांनी नोंद घ्यावी.

मी कराडची. सव्वीस वर्षं लोकांना फिरवते. सुरुवात जीपमधून आजूबाजूच्या देवस्थानांपासून झाली आणि आता पासपोर्टांचा गठ्ठा छातीशी धरून विमानतळांवर धावते. तरुणपणी गणेशोत्सवातल्या नाटकांत कामं करायची. ते पुढं सुटलं, पण सवय सुटली नाही. माझ्या धंद्यात ती कामाला येते.

लोकांना वाटतं, टूर मॅनेजर म्हणजे झेंडा घेऊन पुढं चालणारी बाई. झेंडा कुणीही धरेल. खरं काम म्हणजे माणसं न हरवणं, त्यांचं पोट न बिघडणं आणि परक्या देशातला माणूस जे सांगतो ते आपल्या माणसाच्या डोक्यात उतरवणं. यातलं पहिलं काम मी राजगिऱ्याच्या लाडवांवर करते. डोकी मोजत बसलं की हमखास चूक होते, कारण कुणी वाकून बूट बांधत असतं तर कुणी दोनदा मोजलं जातं. म्हणून माणसांइतकेच लाडू मोजून घेऊन बसच्या दारात उभं राहायचं आणि चढणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर एक लाडू ठेवायचा. हातात लाडू उरला की माणूस कमी. सव्वीस वर्षांत ही पद्धत एकदाच फसली, युरोपात. तिथं कराडचे एक रंगाचे व्यापारी दोन लाडू घेऊन गेले आणि आम्ही एका बाईंना पॅरिसच्या मनोऱ्याखाली सोडून निघालो. पाच मिनिटांत परत आलो. बाई म्हणाल्या, "बरं झालं, तेवढाच निवांतपणा." व्यापारी मात्र मनोऱ्याकडं बघून अजून हिशेब करत होते, याला एक हात द्यायला रंग किती लागेल.

तिसरं काम भाषांतराचं. त्यात मी स्वतःला फार हुशार समजते. त्या हुशारीनं यंदा एका म्हाताऱ्या माणसाचं काम जवळजवळ घालवलं होतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

दक्षिण आफ्रिकेची सहल मी दर वर्षी नेते. सिंह, समुद्र, केपटाऊन, खरेदी, परत. यंदा बावीस जणांत मेढ्याकडचे एक निवृत्त सुभेदार होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे. कार्यक्रमपत्रिका वाचून त्यांनी फोन केला.

"सुनंदाताई, तितं झुलूंनी इंग्रजांना लोळवलंय. ते मैदान तुमच्या कागदात न्हाई."

"आबा, डर्बनपासून साडेतीन-चार तास आहे. आणि बघायला काय? एक डोंगर आणि गवत."

"मग सिंव्ह काय हाय? मांजर आन् गवतच की."

मी मैदान कागदात घातलं.

त्या दिवशी सकाळी डर्बनच्या हॉटेलसमोर तिथल्या कंपनीची बस उभी होती. दारात दोघं होते. एक उंच, किडकिडीत, सत्तरीकडं झुकलेले वाटाडे, डोक्यावर गवती टोपी, हातात काठी. नाव भेकी. आमच्या मंडळींनी त्यांचे तिथल्या तिथं भिकातात्या केले. दुसरी चाळिशीतली गोरी बाई, जेनी, कंपनीची अधिकारी. तिच्या एका हातात फॉर्म आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकचं मोठं खोकं. खोक्यात कानाला लावायची यंत्रं होती. बटण दाबलं की आतला माणूस बोलतो. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि हिंदी.

वाटेत चहाला थांबलो तेव्हा भेकींनी मला बाजूला घेतलं. एकतीस वर्षं ते या मैदानावर गोष्ट सांगत होते. आता कंपनीचं म्हणणं असं, की यंत्र स्वस्त, यंत्र थकत नाही, यंत्र वेळेत संपतं. आज आमच्या गटावर चाचणी होती. अर्धं मैदान यंत्र सांगणार, अर्धं भेकी. मग जेनी फॉर्म भरणार.

"तुमचे लोक माझं इंग्रजी समजतील?" त्यांनी विचारलं.

"त्याची काळजी नको," मी म्हणाले. "मी आहे ना."

हे वाक्य मी छाती काढून म्हणाले होते. पुढचं वाचताना लक्षात ठेवा.

तिथून निघालो आणि घोळ सुरू झाला. डर्बनच्या उत्तरेला मैलोन् मैल ऊस आहे. पलूसचे दादा, ज्यांचा ऊस दोन कारखान्यांना जातो, ते सीटवरून उठून काचेला चिकटले.

"थांबवा वो बस! ह्यो कुठला ऊस? आपल्या शहाऐंशी बत्तीस जातीचा हाय का?"

"दादा, लढाई बघायला चाललोय आपण."

"लढाई दीडशे वर्सं झाली, आजून आर्ध्या तासानं काय बिघडतंय? ऊस काय पुन्ना दिसतोय?"

बस थांबली. अकरा शेतकरी खाली उतरले, कांडी मोजली, पेरं दाबून बघितलं, सरीची रुंदी पावलांनी मोजली. शेवटी निकाल जाहीर झाला, "पाणी कमी पडतंय ह्येंला." जेनीनं घड्याळ बघून फॉर्मवर काहीतरी लिहिलं. भेकी मात्र गालातल्या गालात हसत होते. त्यांच्या गटांतलं कुणी कधी उसाला उतरलं नव्हतं.

इसांडलवाना हा एकटा उभा असलेला कातळी डोंगर आहे. आजूबाजूला उघडं, पिवळं, वाऱ्यात हलणारं गवत. पायथ्यापासून उतारावर सगळीकडं पांढऱ्या रंगानं रंगवलेल्या दगडांचे ढीग, गुडघ्याइतके, काही त्याहून उंच. आबा बसमधूनच म्हणाले, "ही लष्कराची जागा हाय गड्या. दगडाला चुना लावल्याबिगर लष्कराला झोप येत न्हाई. मी चार वर्सं फकस्त दगडंच रंगवलीत."

आधी यंत्रांची पाळी. सगळ्यांनी कानाला लावली आणि मी कबूल करते, यंत्र चांगलं बोललं. स्वच्छ, खणखणीत हिंदी. तारीख, सैन्याची संख्या, सेनापतीनं अर्धी फौज छावणीबाहेर कशी नेली, सगळं. पलूसचे दादा तर खूश.

"लय भारी हाय ह्ये. मधीच बंद करून लघवीला जाता येतंय. माणसाला कसं थांबवायचं?"

जेनीनं माझ्याकडं बघितलं. दादा काय म्हणाले ते तिनं विचारलं. मी म्हणाले, "त्यांना गोष्ट आवडली." भाषांतराला इमान असावं लागतं, पण किती, ते भाषांतर करणाऱ्यानं ठरवायचं.

मग भेकी पुढं आले. टोपी सरळ केली, काठी जमिनीत रोवली आणि त्यांचा आवाज असा बदलला की मी नाटकातली बाई असूनही चपापले. झुलूंची लढायची रीत म्हणजे रेड्याची आकृती. मध्ये छाती, दोन बाजूंना दोन शिंगं आणि मागं राखीव फौज. छाती समोरून भिडते, तेवढ्यात शिंगं दोन्हीकडून वळून मागं जाऊन मिळतात. भेकींनी दोन्ही हात शिंगांसारखे वळवले आणि आमच्या बावीस जणांना त्यांत घेतलं. मी तेवढ्याच जोरात मराठीत सांगत गेले. आबांचे डोळे चमकले. दादांनी यंत्र कानावरून काढून खिशात टाकलं.

"शेजारच्या दरीत," भेकी म्हणाले, "वीस हजार माणूस गवतात बसला होता. न बोलता, न खोकता."

"वीस हजार?" आबा म्हणाले. "आमच्या पलटणीत वीस जणबी न खोकता बसत नव्हते."

हे मी भेकींना सांगितलं तेव्हा ते काठीवर रेलून हसले. मग ते पांढऱ्या दगडांकडं वळले आणि सावकाश बोलू लागले. इंग्रजांच्या रांगा तुटल्या, छावणीत हातघाई झाली, आणि नंतर मेलेल्या इंग्रज शिपायांना जिथं सापडले तिथं पुरून वर हे दगड रचले गेले.

आता माझी हुशारी. प्रेक्षक रंगात आला की वाक्य मध्येच तोडायचं, दम घ्यायचा आणि शेवटचा शब्द राखून ठेवायचा, ही माझी जुनी खोड. मी हात उंचावला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मंडळी, हे पांढरे दगड बघा. इथं... याच जागी... वीर पडले."

आणि थांबले. पुढं म्हणायचं होतं, "इंग्रजांचे." टाळ्या त्या शब्दावर घ्यायच्या होत्या.

मी थांबले तेवढ्यात आटपाडीच्या हिरामावशी पुढं झाल्या. साठीच्या, धनगरवाड्यातल्या, नऊवारी आणि पायांत नातवाचे बूट. आयुष्याची चाळीस वर्षं मेंढरांमागं चाललेल्या, आता लेकानं पाठवलं म्हणून आफ्रिकेला आलेल्या. कमरेच्या चंचीत बिरोबाचा भंडारा कायम. मुंबईच्या विमानतळावर ती चंची उघडून दाखवताना मी साहेबाला हळदीचे औषधी गुण पाच मिनिटं ऐकवले होते. मावशींनी चप्पल काढावी तसे बूट काढले, मूठभर भंडारा घेतला आणि समोरच्या पांढऱ्या ढिगावर वरपासून खालपर्यंत चोपडला. मग डोकं टेकवलं. त्यांच्यामागं आणखी तीन बायका गेल्या. डोळ्याची पापणी लवायच्या आत इंग्रजांची समाधी पिवळीधमक.

"थांबा!" जेनी ओरडली. हे मराठीत नव्हतं, पण सगळ्यांना समजलं.

या जागेवर दगडाला हात लावायला मनाई आहे. तसे फलक आहेत. यंत्रानंही सुरुवातीलाच ते सांगितलं होतं, मीच भेकींच्या वेळी सांगायला विसरले. जेनीचा चेहरा लाल झाला. ती भेकींकडं वळली आणि थंड आवाजात म्हणाली, "हे यंत्राच्या वेळी झालं नाही. तुझ्या वेळी झालं." तिनं फॉर्म उघडला.

भेकींनी टोपी काढली. त्यांची एकतीस वर्षं माझ्या एका टाळीच्या मोहापायी त्या कागदावर पुसली जात होती.

मी जेनीला म्हणाले, "चूक यांची नाही. मी अर्धं वाक्य सांगून थांबले. ते माझं आहे, ते माझ्या नावावर लिहा." ती लिहायची थांबली, पण फॉर्म मिटला नाही.

हिरामावशी गोंधळल्या होत्या. "काय चुकलं ग ताई? लढाईत माणूस पडला तितनं भंडारा न लावता कसं जायचं?"

"मावशी, हे झुलूंचे नव्हेत. हे इंग्रजांचे आहेत."

"आगं बया! गोऱ्यांचं?" मावशींनी हात बघितला, ढीग बघितला. मग म्हणाल्या, "असू द्या. तीबी कुणाची तरी लेकरंच. पर मग ह्यांचं कुठं हायती?"

"कुणाचं?"

"भिकातात्याच्या माणसांचं. ही एवढी ढिगानं दगडं गोऱ्यांची. मग ह्येंचं मेलं न्हाईत का कोण?"

मी हा प्रश्न शब्दाला शब्द लावून भेकींना सांगितला. या वेळी एक अक्षर इकडं-तिकडं केलं नाही.

भेकींनी काठी समोरच्या उघड्या गवताकडं केली. मग म्हणाले, झुलूही खूप मेले. त्यांच्यासाठी मोठं स्मारक आहे, शूर योद्ध्याच्या गळ्यात घालतात त्या माळेच्या आकाराचं, ते सगळ्यांचं मिळून एक. पण कोण कुठं पडला त्याला दगड नाही. भावानं भावाला ढालीनं झाकलं आणि निघून गेला. एवढंच.

"तुमचं कोण होतं का?" मावशींनी विचारलं.

भेकींनी काठी उचलली आणि चालू लागले. आम्ही मागोमाग. गाड्यांच्या वाटेपासून बाजूला, एका ओघळीच्या काठावर ते थांबले. तिथं कोरफडीचा एक जुना गड्डा होता आणि बाभळीसारखं एक वाकडं काटेरी झाड.

"माझ्या आजोबांचे वडील," ते म्हणाले. "उजव्या शिंगात होते. आजोबांनी मला हात धरून ही जागा दाखवली होती."

मी हे सांगितलं, अर्धवट न तोडता, सरळ. जेनी आमच्यामागं आली होती. तिनं भेकींना विचारलं, "एकतीस वर्षांत तू हे पाहुण्यांना कधी सांगितलं नाहीस?"

"कुणी विचारलं नाही," भेकी म्हणाले.

हिरामावशींनी मला कोपरानं ढोसलं. "इच्यार त्यास्नी, हितं चालंल का?"

या वेळी मी आधी विचारलं. भेकींनी मान हलवली. इथं इंग्रजांचा दगड नव्हता, कुठला फलक नव्हता, होती ती त्यांच्या घरची माती. मावशींनी चंची पूर्ण उलटी केली. ओंजळ भरभरून भंडारा आकाशात उधळला आणि चाळीस वर्षं डोंगरातून मेंढरं हाकलेल्या गळ्यानं आरोळी ठोकली, "बिरोबाच्या नावानं..."

"चांगभलं!" एकवीस जणांनी उत्तर दिलं. त्यात पलूसचे दादा सर्वांत मोठ्यानं, ज्यांनी बसमध्ये मला सांगितलं होतं की ते देवबिव मानत नाहीत.

वाऱ्यानं भंडारा उचलला. कोरफड पिवळी झाली, झाड पिवळं झालं, जेनीचा पांढरा शर्ट पिवळा झाला. भेकींनी काठी उंच धरली, छाती भरून घेतली आणि त्यांच्या पूर्वजांनी त्या दिवशी दिली होती ती आरोळी दिली, "उसुथू!" डोंगरावरून ती परत आली. मग आमच्या मंडळींना काय आवरणार? एकदा "चांगभलं", एकदा "उसुथू", अशी जुगलबंदी लागली. मी रंगमंचावर बऱ्याच टाळ्या घेतल्या आहेत. त्या ओघळीच्या काठावर मला कुणी विचारतही नव्हतं आणि इतकी खूश मी कधी झाले नव्हते. सहा महिन्यांत इंग्रज मोठं सैन्य घेऊन परत आले आणि झुलूंचं राज्य गेलं, हेही भेकींनी नंतर सांगितलं. पण तो दिवस त्यांचा होता, आणि त्या दुपारी आमचाही.

बसच्या दारात लाडू वाटले. एक उरला.

"आबा कुठायत?"

आबा त्या पिवळ्या ढिगापाशी गुडघ्यांवर बसले होते. बाजूला पाण्याच्या चार बाटल्या, हातात रुमाल. तिथल्या रखवालदाराची परवानगी खुणांनी घेऊन दगड पुसून झाले होते. आता फटींतला भंडारा ते काडीनं काढत होते. रखवालदार शेजारी सावधान उभा.

"आबा, चला. पुसलं की."

"फटीत ऱ्हातंय ताई. विन्स्पेक्शनला फटीच बघत्यात." ते उठले, कपडे झटकले आणि त्या ढिगाला कडक सलाम ठोकला. "शिपाई हाय. हुकूम दिला तितं हुबा ऱ्हायला. चूक त्याच्या सायबाची."

जेनी दारापाशीच होती. तिनं ते दगड जाऊन पाहिले, फटीसुद्धा. मग परत आली. उरलेला लाडू मी आबांना दिला. जेनीसाठी डब्यातून आणखी एक काढला. तिनं तो निरखून पाहिला, खाल्ला आणि आत बसून फॉर्म मांडीवर घेतला. बसमधल्या बावीस माना त्या कागदाकडं वळल्या. इंग्रजी न येणाऱ्यांनाही त्या कागदाचं वजन समजत होतं. भेकी पुढच्या सीटवर टोपी गुडघ्यावर ठेवून काचेबाहेर बघत होते.

जेनीनं लिहिलं, सही केली आणि उठून उभी राहिली. "सोमवारचा शाळेचा गट भेकी घेऊन येईल," ती म्हणाली. "त्याच्या पुढचेही सगळे. एकट्यानं येणाऱ्यांसाठी यंत्रं राहतील." मग थोडं थांबून भेकींना म्हणाली, "आणि ती जागा दाखवत जा. लोकांनी विचारायची वाट बघू नकोस."

मी मराठीत सांगेपर्यंत बसमध्ये शिट्या सुरू झाल्या होत्या. आबांनी टोपी उडवली. दादांनी भेकींना मिठी मारली आणि उसाला पाणी कसं द्यावं ते सांगायला लागले. भेकी उठले, घसा साफ केला, काहीतरी बोलण्यासाठी हात वर केला.

जेनी तोवर यंत्रं गोळा करून खोक्यात भरत होती. दादांनी खिशातून काढून दिलेलं यंत्र चालूच राहिलं होतं. सगळे भेकींचे शब्द ऐकायला थांबले आणि त्या शांततेत खोक्यातून खणखणीत हिंदी आवाज आला, "कृपया आगे बढ़ें. अगला स्थान..."

हिरामावशी सीटवरून अर्ध्या उठल्या आणि पूर्ण बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आवं जनीबाई, त्या डब्याला सांगा गप बस म्हणून! आता म्हातारा बोलतूय!"